चोर बाजारातला निळा प्लेस्टेशन आणि डेबगवाला पीएस३: खरा डेव्हलपर कन्सोल ओळखायचा कसा?

ओंकार_गिरगाव
नमस्कार मंडळी, जरा घाईतला प्रश्न आहे. चोर बाजारात मटन स्ट्रीटच्या आतल्या बाजूला एक ओळखीचा दुकानदार आहे, जुने कॅमेरे रेडिओ वगैरे ठेवतो, त्याच्याकडे दोन कन्सोल आलेत आणि दोन्ही "कंपनीवाले" आहेत, म्हणजे गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना कंपनी देते तसले, असं तो छातीठोकपणे सांगतोय. पहिला आहे प्लेस्टेशन १, पण नेहमीचा करडा नाही, चक्क निळा. त्याने माझ्यासमोर टीव्हीला जोडून साधी राइट केलेली सीडी टाकली आणि गेम सुरू झाला. खालचा स्टिकर अर्धा खरवडलेला आहे, नंबर नीट वाचता येत नाही. दुसरा पीएस३, जाडा काळा, आणि त्याच्या मेन्यूत सेटिंग्जमध्ये डेबग सेटिंग्ज (डेबग म्हणजे गेममधल्या चुका शोधणं) नावाचा अख्खा वेगळा भाग दिसतो, हे मी स्वतः बघितलं. दोन्हीचे मिळून ४५,००० मागतोय, थोडे कमी करेल म्हणाला.

मला हे विकायचे नाहीयेत, गेम कसे बनतात याचं लहानपणापासून वेड आहे आणि असं एक मशीन घरी असावं असं फार वाटतं. पण पैसे जमवून जमवून ठेवलेत, उगाच रंग दिलेलं काहीतरी घरी आणायचं नाहीये. निळा रंग, राइट केलेली सीडी चालणं, डेबग मेन्यू, एवढ्यावर खात्री धरायची का? अजून काय बघू? आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी एक्सबॉक्स वनचा "डेव्ह किट" विकतोय, स्क्रीनवर डेव्ह मोड लिहिलेला फोटो टाकलाय, त्याबद्दलही कोणाला माहिती असेल तर सांगा.

समीर_रेट्रो
पैसे आत्ता देऊ नकोस भावा. तू लिहिलेल्या तिन्ही गोष्टी साध्या दुकानातून घेतलेल्या मशीनवरही होऊ शकतात. आधी दोन्हीच्या खालच्या स्टिकरचे चांगल्या उजेडात फोटो काढ आणि इथे टाक, सिरीयल नंबरवर बोट ठेव हवं तर. शिल्पाताईंनी यातलं प्रत्यक्ष काम केलंय, त्या सांगतील.

शिल्पा_पार्ले
ओंकार, मी बरीच वर्षं गेम टेस्टिंगमध्ये होते, स्टुडिओचं नाव लिहीत नाही, पण ही मशिनं रोज हाताखालून गेलीयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे डेव्हलपर मशीन आणि डेबग मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकणारे दोन्हीला सर्रास डेव्ह किट म्हणतात. डेव्हलपमेंट किट प्रोग्रामरच्या टेबलावर असतं, पीसीला जोडलेलं, त्यात बहुतेक वेळा मेमरी जास्त असते कारण गेम अर्धवट अवस्थेत फुगलेला असतो आणि सोबत डेबगिंगचं सामान पण लोड करावं लागतं. पीएस१ च्या काळात तर सुरुवातीचा किट म्हणजे कन्सोलच नव्हता, डीटीएल-एच२००० नावाची दोन कार्डं पीसीच्या आत बसवायची, त्यात मुख्य मेमरी ८ एमबी, आणि दुकानातल्या प्लेस्टेशनमध्ये २ एमबी. पीएस२ चा किट डीटीएल-टी१००००, त्याला टूल म्हणायचे, त्यात १२८ एमबी आणि घरच्या पीएस२ मध्ये ३२. सोनीचं डेबग किंवा टेस्ट मशीन मात्र मुद्दाम घरच्या मशीनसारखंच असतं, तेवढीच मेमरी तेवढाच वेग, कारण टेस्टरला गेम गिऱ्हाइकाच्या घरी कसा चालेल तेच बघायचं असतं. फरक एवढाच की त्यात राइट केलेल्या डिस्क चालतात आणि रिजनचं, म्हणजे कुठल्या देशाची डिस्क चालेल याचं, बंधन नसतं. म्हणजे तुझा निळा पीएस१ खरा असला तरी त्यात जास्तीची मेमरी शोधू नकोस, ती नसतेच.

आता ओळखायचं कसं. माझी पद्धत अशी की स्टिकर, आतलं हार्डवेअर आणि मशीनचं वागणं, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. नुसतं वागणं बघून कधीच ठरवायचं नाही कारण वागणं बदलणं सगळ्यात सोपं असतं.

स्टिकरवरचं पहिलं अक्षर बघ. सोनीचे घरगुती पीएस१ आणि पीएस२ एससीपीएच ने सुरू होतात, डेव्हलपर आणि डेबगवाले डीटीएल ने. निळा असेल तर डीटीएल-एच१००१, १००२, ११०१ असं काहीतरी, नंतर हिरवे आले ते १२०० च्या पुढचे. काळा दिसला तर तो नेट यारोझे असू शकतो, डीटीएल-एच३०००, ३००१, ३००२, तो घरी बसून गेम शिकणाऱ्या हौशी लोकांना विकायचे, त्यामुळे तो वेगळाच प्रकार, रिजनचं बंधन नाही पण साधी राइट केलेली सीडी तो थेट चालवत नाही. आणि पांढरा दिसला तर हुरळून जाऊ नये, एससीपीएच-५९०३ हा पांढरा पीएस१ आपल्या आशियातल्या बाजारासाठी व्हिडिओ सीडी चालवणारा साधा घरगुती कन्सोल होता. रंगावरून काही ठरत नाही ते यासाठी.

पीएस३ ला घरगुती म्हणजे सीईसीएच, डेबग म्हणजे डीईसीएच, आणि मोठा डब्यासारखा रेफरन्स टूल, म्हणजे डेव्हलपमेंट किट, तो डीईसीआर. पुढे व्हिटाला (सोनीचा हातात धरायचा कन्सोल) घरगुती पीसीएच, टेस्ट पीटीईएल, डेव्ह पीडीईएल. पीएस४ ला सीयूएच, आणि डीयूएच-टी टेस्ट, डीयूएच-डी डेव्ह. पीएस५ ला सीएफआय आणि डीएफआय. निन्टेंडोच्या Wii ला घरगुती आरव्हीएल, डेव्हलपरवाल्या आरव्हीटी. सेगाच्या ड्रीमकास्टचा डेव्ह बॉक्स एचकेटी-०१, तो तर टॉवर पीसीसारखा दिसतो, त्याला कोणी घरचा ड्रीमकास्ट समजणारच नाही.

आता तुझा पीएस३. डेबग मेन्यू खरा आहे, पण मशीन खरं असेलच असं नाही. २०१० च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर परिषदेत पीएस३ ची सुरक्षा कशी फुटली ते मांडलं गेलं आणि त्यानंतर काही काळाने लोकांनी घरच्या मशीनवर डेबग फर्मवेअर (मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवायची वाट काढली. मशीनच्या आत त्याची ओळख सांगणारा एक कोड असतो, त्यातला एक बाइट कुठल्या प्रकारचं आणि कुठल्या देशाचं मशीन ते सांगतो, ८४ अमेरिका, ८५ युरोप, ८२ डेबग, असं. तो बदलून नीट सही केला की सीईसीएच मशीन स्वतःला डेबग समजायला लागतं आणि तोच मेन्यू दाखवतं, रिलीज चेक मोड, एनपी एन्व्हायर्नमेंट या नावांचे पर्याय, सगळं तसंच. जाडे पीएस३ तर सगळेच बदलता येतात. म्हणून मेन्यूवर भुलू नकोस, मशीन उलटं कर आणि स्टिकर वाच.

स्टिकरही चिकटवता येतो, म्हणून हार्डवेअर जुळवून बघ. डीईसीएचए००, म्हणजे सुरुवातीचा डेबग, हा पहिल्या पिढीच्या मशीनवर बनलेला आहे, त्याला समोर ४ यूएसबी असतात आणि आत पीएस२ च्या चिप असतात त्यामुळे पीएस२ ची ओरिजिनल डिस्क त्यात चालते. स्टिकर डीईसीएचए सांगतोय आणि समोर २ च यूएसबी आहेत, तर तो स्टिकर दुसऱ्या कुठल्यातरी मशीनचा आहे. घरी पीएस२ ची एखादी डिस्क असेल तर घेऊनच जा.

नितीन_लॅमिंग्टन
शिल्पाताईंनी मस्त लिहिलंय, मी फक्त पीएस१ बद्दल सांगतो कारण माझ्या टेबलावर ते अजून येतात दुरुस्तीला.

राइट केलेली सीडी का चालत नाही ते समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. ओरिजिनल प्लेस्टेशन डिस्कच्या अगदी आतल्या भागात, लीड-इन म्हणतात तिथे, खाच मुद्दाम बारीकशी थरथरती बनवलेली असते आणि त्या थरथरण्यात चार अक्षरं लपवलेली असतात, जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. आपल्या पीसीचा रायटर डेटा लिहितो पण ती खाच काही बनवू शकत नाही, ती कोऱ्या डिस्कवर कारखान्यातूनच आलेली असते. म्हणून घरच्या मशीनला ती अक्षरं सापडत नाहीत आणि ते डिस्क नाकारतं. डेबग मशीनमधली सीडी सांभाळणारी चिप ही तपासणी करतच नाही, त्यामुळे कुठल्याही देशाची डिस्क आणि राइट केलेली डिस्क दोन्ही चालतात.

मॉडचिप, म्हणजे मागाहून बसवलेली छोटी चिप, काय करते, तर तीच चार अक्षरं बाहेरून सारखी सारखी पुरवत राहते. आणि मुंबईत त्या काळात मनीष मार्केटपासून इर्ल्यापर्यंत जे प्लेस्टेशन विकले गेले त्यात चिप नसलेला शोधावा लागायचा, सगळ्यांनी पन्नास शंभर रुपयांच्या सीड्यांवरच तर गेम खेळले. त्यामुळे दुकानदाराने राइट केलेली सीडी चालवून दाखवली यात काहीही विशेष नाही, उलट न चालती तरच मला नवल वाटलं असतं.

आता उघडून बघायचं. खालचे स्क्रू काढले की वरचं झाकण निघतं. पहिलं झाकणाची आतली बाजू बघ. खऱ्या डेबगचं प्लास्टिक मुळातच त्या रंगाचं ओतलेलं असतं, आतून बाहेरून, स्क्रूच्या खोबणीतसुद्धा. आतून करडं निघालं तर बाहेर स्प्रे मारलाय. मग बोर्ड बघ, बहुतेक चिप बोर्डच्या उलट्या बाजूला लावलेली असते त्यामुळे बोर्ड उचलावा लागेल. आठ पायांची किंवा अठरा पायांची छोटी काळी चिप आणि तिच्यापासून निघालेल्या केसासारख्या बारीक वायरी, गोंद लावलेला, असं दिसलं की विषय संपला.

आणि एक महत्त्वाचं, कृपा करून हे वाचल्याशिवाय प्लगमध्ये घालू नकोस. अमेरिका जपानवाल्या पीएस१ चा पॉवर सप्लाय १००-१२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. डेबगवालेही वेगवेगळ्या देशांतून आलेले असतात. डीटीएल-एच१००१ असेल तर अमेरिकेचा, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, १००२ युरोपचा तो आपल्याकडे थेट चालतो. दुकानदाराने थेट आपल्या प्लगमध्ये लावून चालवला आणि काही झालं नाही म्हणजे तो २२० वाला तरी आहे किंवा आतला सप्लाय बदललेला आहे, हेही लक्षात ठेव.

ओंकार, हवं तर मशीन घेऊन लॅमिंग्टन रोडला ये, उघडून बघायचे पैसे घेणार नाही. दुकानदार येतो म्हणाला तर त्यालाही घेऊन ये, त्याच्या समोरच उघडू.

प्रसाद_डोंबिवली
एक्सबॉक्स वनवाल्या मेसेजबद्दल सांगतो. तो फोटो बघून एक रुपयाही देऊ नको. २०१६ पासून कुठलाही दुकानातला एक्सबॉक्स वन डेव्ह मोडमध्ये टाकता येतो, मायक्रोसॉफ्टनेच अधिकृतपणे तशी सोय दिलीये, डेव्हलपर खातं उघडायचं, स्टोअरमधून अ‍ॅक्टिव्हेशनचं अ‍ॅप घ्यायचं, कोड टाकायचा, झालं. मीसुद्धा माझ्या मशीनवर त्यात इम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतो. ते मशीन डेव्ह किट होत नाही, साधं मशीन डेव्ह मोडमध्ये गेलेलं असतं. खरा किट हार्डवेअरनेच वेगळा असतो, उदाहरणार्थ एक्सबॉक्स वन एक्सचा डेव्ह किट घे, त्याच्या पुढे छोटा डिस्प्ले असतो, समोर जास्तीचे यूएसबी, आत २४ जीबी मेमरी, दुकानातल्या वन एक्समध्ये १२.

जुन्या एक्सबॉक्समध्येही असेच घोळ आहेत. २००१ वाल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये मेमरी ६४ एमबी, डेबग किटमध्ये १२८. पण बोर्ड जवळपास सारखाच, घरगुती मशीनवर मेमरीच्या चार चिपच्या जागा रिकाम्या सोडलेल्या असायच्या, मग लोकांनी त्या जागांवर चिप सोल्डर करून १२८ करून घेतले. त्यामुळे १२८ दिसलं म्हणजे डेबग असं नाही, त्या चार चिपच्या सोल्डरिंगकडे भिंग लावून बघायचं, कारखान्याचं काम आणि हाताचं काम लगेच कळतं. एक्सबॉक्स ३६० चा डेव्ह किट मात्र लांबून ओळखू येतो कारण त्याला साइडकार म्हणून एक जाड पट्टीसारखा भाग जोडलेला असतो. टेस्ट किटला तो नसतो आणि तिथेच फसवणूक होते, कारण हॅक केलेल्या साध्या ३६० वर डेव्हलपरवालं सॉफ्टवेअर चढवता येतं आणि मग स्क्रीनवर हुबेहूब किटसारखं दिसतं. म्हणजे पीएस३ सारखीच गोष्ट, स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही.

मृणाल_दादर
मला एक विचारायचंय, नवीन पिढीचे किट, म्हणजे पीएस४ वगैरे, कोणी विकत असेल तर घ्यावेत का? माझ्या भावाला एक मिळतोय.

शिल्पा_पार्ले
मृणाल, नको. व्हिटा आणि पीएस४ पासून सोनीने किटला मुदत घातली, ठरावीक काळाने डेव्हलपरच्या खात्यातून ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं, आणि खातं नसलेल्या माणसाकडे मुदत संपलेला किट आला तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. भावाला सांग, विकणाऱ्याला मुदतीचा स्क्रीन दाखव म्हटलं तरी तो गडबडतो. आणि तो किट आला कुठून हा प्रश्न आहेच, अशा अलीकडच्या पिढीचा किट बाजारात आला म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून परवानगीशिवाय निघालेला असण्याचीच शक्यता जास्त.

ओंकार_गिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. दुकानदार स्वतः आला लॅमिंग्टन रोडला, त्याचं कौतुक वाटलं मला, त्यालाही खरंच जाणून घ्यायचं होतं कारण त्याने पण कोणाकडून तरी तेच सांगून घेतले होते.

निळ्या पीएस१ चं झाकण नितीनदादांनी उघडलं आणि आतून करडं. रंग इतका सफाईने मारलाय की बाहेरून मला तरी कळलं नसतं, फक्त रिसेट बटणाच्या कडेला थर थोडा जाड होता. बोर्डच्या खाली आठ पायांची चिप, वायरी, सगळं दादांनी लिहिलं होतं तसंच. स्टिकरचा खरवडलेला भाग तिरप्या उजेडात धरला तर सुरुवातीचं एससी वाचता आलं.

पण पीएस३ चं वेगळंच निघालं!! स्टिकरवर डीईसीएचए००ए आहे, स्टिकर उचकटल्याच्या खुणा नाहीत, समोर ४ यूएसबी आहेत, आणि मी शेजारच्या काकांकडून पीएस२ ची ओरिजिनल डिस्क घेऊन गेलो होतो ती चालली. हार्ड डिस्कवर काही फोल्डर आहेत, गेमचे आयकॉन दिसतात पण नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं. आम्ही काही उघडलं नाही. दुकानदार म्हणतो एका बंद झालेल्या ऑफिसच्या भंगारात संगणकांबरोबर आला, कुठलं ऑफिस ते भंगारवाल्याला आठवत नाही. एकट्या पीएस३ चे २०,००० म्हणतोय. घेऊ का?

नितीन_लॅमिंग्टन
मशीन मी पाहिलं, आतलं सील कोणी उघडलेलं दिसत नाही. पण एक स्पष्ट सांगतो, हे पहिल्या पिढीचे पीएस३ गरम होतात आणि पिवळी लाइट येऊन कायमचे बंद पडण्यासाठी बदनाम आहेत, डेबग असला म्हणून त्याला सूट नाही. घेतलास तर आधी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढायला लावतात ती) बदलून घे, पंख्यातली धूळ काढ, पावसाळ्यात खिडकीजवळ ठेवू नकोस. आणि पुढेमागे बंद पडलाच तर कोणी हीट गनने गरम करून चालू करून देतो म्हणाला तर देऊ नको, तो उपाय चार दिवस टिकतो आणि बोर्डची वाट लागते.

शिल्पा_पार्ले
ओंकार, सगळं जुळतंय, मला हा खरा वाटतो आणि मला खूप आनंद झाला. आता नीट ऐक.

ही मशिनं कंपनी स्टुडिओला करारावर देते, सहसा मालकी सोडत नाही आणि काम संपलं की परत मागते. भंगारातून आलेल्या किटची मालकी तुझ्याकडे स्वच्छपणे येते असं मी सांगू शकत नाही. २००६-०७ च्या काळातल्या मशीनच्या मागे आज कोणी लागेल असं वाटत नाही, पण हे माहीत असूनच घे आणि दुकानदाराकडून कच्ची का होईना पावती घे, तारीख आणि मॉडेल नंबर लिहून.

दुसरं, ती हार्ड डिस्क. फॉरमॅट करायची नाही, फर्मवेअर अपडेट करायचं नाही, इंटरनेटला जोडायचं नाही, आणि डिस्क काढून पीसीला लावून बघू म्हणून तर अजिबात नाही. पीएस३ ची डिस्क त्या एका मशीनच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असते, पीसीला ती कोरी वाटते आणि विंडोज लगेच विचारतं इनिशियलाइज करू का, तिथे एक चुकीचा क्लिक झाला की सगळं गेलं. म्हणजे मशीन मेलं तर डिस्क चांगली असूनही आतलं वाचता येत नाही, म्हणूनच नितीनने सांगितलेलं पंख्याचं आणि पेस्टचं काम आधी कर, मग बाकीची हौस.

त्या फोल्डरमध्ये काय आहे मला माहीत नाही, बाजारात आलेल्याच गेमच्या टेस्ट कॉपी असतील किंवा कधीच न आलेला एखादा गेम असेल. आम्ही टेस्टर रात्र रात्र बसून ज्या बिल्डवर, म्हणजे गेमच्या अर्धवट आवृत्त्यांवर, काम करायचो त्यातल्या कितीतरी आज कुठेच शिल्लक नाहीत, प्रोजेक्ट बंद झाला की मशिनं पुसून परत जायची. म्हणून मला या डिस्कची इतकी काळजी वाटते. नेटवर काही टाकू नकोस, ते दुसऱ्याचं काम आहे, पण मशीन चालू राहिलं तर ते टिकेल तरी. रविवारी मला वेळ आहे, पार्ल्याहून ग्रँट रोडला येते, नितीनच्या टेबलावरच डेबग मेन्यूतून काय काय दिसतं ते बघू आणि प्रत्येक स्क्रीनचे फोटो काढून ठेवू.

ओंकार_गिरगाव
ताई नक्की या. १८,००० ला ठरलं, पावतीवर मॉडेल नंबर लिहून घेतलाय. निळा पीएस१ त्याने साधा मॉडचिपवाला म्हणूनच ठेवलाय विकायला, पाटीवर तसं लिहिलंय त्याने माझ्यासमोर. पीएस३ सध्या बंद आहे, पेस्ट लावेपर्यंत चालू करणार नाही.

नितीन_लॅमिंग्टन
पेस्ट आणून ठेवतो. रविवारी साडेअकरानंतर या दोघं, त्याआधी शटर बंद असतं.